भार आणि आधार : कोसळणाऱ्या ताऱ्याच्या गाभ्याची कथा

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



मृग नक्षत्राशी मराठी माणसाचे नाते फार जुने आहे. जून महिन्यात सूर्य या नक्षत्रात येतो तेव्हा शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. आणि हिवाळ्याच्या रात्री हेच मृग पूर्वेला उगवते तेव्हा अंगणात उभे असलेले लहान मूलही त्याच्या पोटातील बाणाचे तीन तारे ओळखते. या आकृतीच्या एका कोपऱ्यात एक तांबूस तारा आहे. त्याला आपल्याकडे काक्षी म्हणतात; आर्द्रा नक्षत्राचा तारा तोच. बाणाची रेषा आग्नेयेकडे वाढवली की व्याध भेटतो, अवघ्या रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा. व्याधाला एक अतिशय मंद जोडीदार आहे, तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आजच्या विषयाचे दोन टोकांचे दोन साक्षीदार म्हणजे हा जोडीदार आणि तो काक्षी. एकाचे आकुंचन होऊन गेले आहे आणि ते एका टप्प्यावर थांबले आहे. दुसऱ्याचे व्हावयाचे आहे आणि ते तेथे थांबणार नाही. एक थांबतो आणि दुसरा थांबत नाही, हे कशामुळे? या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना विसाव्या शतकातील भौतिकशास्त्राची पुष्कळशी वाट चालून जावी लागते.

तारा स्थिर दिसतो, पण ती स्थिरता स्वस्थतेची नव्हे. डोक्यावर हंड्यांची उतरंड घेऊन चालणाऱ्या स्त्रीची मान ताठ दिसते. त्या ताठपणात तिचा प्रत्येक स्नायू कामाला लागलेला असतो. ताऱ्याचे तसेच आहे. त्यातील प्रत्येक थर आपल्या वरच्या सर्व थरांचा भार वाहतो. गुरुत्वाकर्षण सगळे द्रव्य केंद्राकडे ओढते आणि आतील तप्त वायूचा दाब ते बाहेर रेटतो. सूर्याच्या केंद्राशी हा दाब पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या सुमारे पंचवीस हजार कोटी पट आहे. तेथील तपमान दीड कोटी अंश आणि घनता पाण्याच्या दीडशे पट. हा दाब एकाएकी नाहीसा झाला अशी कल्पना केली, तर सूर्य स्वतःच्या केंद्रावर कोसळण्यास किती वेळ लागेल? गणित सांगते, जेमतेम अर्धा तास. ज्या सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे, त्याच्या अस्तित्वाला क्षणोक्षणी आधार नसेल तर ते अर्ध्या तासाचेही नाही.

या आधाराचे मूळ उष्णतेत आहे. गाभ्यात हायड्रोजनची अणुकेंद्रे एकत्र येऊन हेलियम बनतो आणि त्यातून ऊर्जा निघते. येथे निसर्गाने एक सुंदर व्यवस्था केली आहे. गाभा थोडा अधिक तापला तर दाब वाढतो, गाभा फुगतो आणि त्यामुळे निवतो. थोडा निवला तर आकुंचन पावतो आणि पुन्हा तापतो. चूल आपली आच आपणच सांभाळते. ताऱ्यांच्या अंतरंगातील ही तोलाची कल्पना ज्यांनी गणिताच्या पक्क्या पायावर उभी केली, त्यांत केंब्रिजचे सर आर्थर एडिंग्टन अग्रगण्य होते. त्यांचा या विषयावरील महान ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. हे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

पण सरपण केव्हातरी संपणारच. मग काय होते? येथे व्याधाचा जोडीदार साक्षीला येतो. व्याधाची आकाशातील चाल सरळ नाही, ती किंचित डुलते, यावरून त्याला एक अदृश्य सोबती असला पाहिजे, असे जर्मन ज्योतिर्विद बेसेल यांनी १८४४ साली सांगितले. १८६२ साली अमेरिकेत आल्व्हन क्लार्क यांना तो दुर्बिणीतून दिसला. पुढे १९१५ साली त्याच्या प्रकाशाचे विश्लेषण झाले तेव्हा कोडे पडले. तारा मंद आहे, पण थंड नाही. इतका तप्त असून इतका मंद, तर तो आकाराने फारच लहान असला पाहिजे. त्याचे वस्तुमान सूर्याइतके आणि आकार मात्र पृथ्वीपेक्षाही किंचित लहान. एका घन सेंटिमीटरमध्ये दोन टनांहून अधिक द्रव्य! अशा ताऱ्यांना श्वेत बटू हे नाव मिळाले. बटू म्हटले की आपल्याला वामन आठवतो. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणाऱ्या त्या बटूप्रमाणे या बटूच्या पोटातही त्याच्या आकाराला न शोभणारे सामर्थ्य भरलेले आहे.

प्रश्न असा पडला की हा बटू निवत जाईल तेव्हा त्याचा भार कोण पेलील? उष्णतेचा दाब तर निवण्याबरोबर घटणार. उत्तर आले ते ताऱ्यांच्या अभ्यासातून नव्हे, अणूंच्या अभ्यासातून. वोल्फगांग पाउली यांनी १९२५ साली नियम सांगितला की दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. पंगतीत एका पाटावर दोघांना बसता येत नाही, तसे. द्रव्य फार दाबले गेले की खालच्या अवस्था भरून जातात आणि उरलेल्या इलेक्ट्रॉनांना अधिकाधिक वेगाच्या अवस्थांत जावे लागते. हा वेग उष्णतेमुळे आलेला नसतो, दाटीमुळे आलेला असतो. म्हणून द्रव्य कितीही निवले तरी त्याचा दाब नाहीसा होत नाही. केंब्रिजचे राल्फ फाउलर यांनी १९२६ साली दाखवले की श्वेत बटूला उभे ठेवणारा आधार हाच. सर्वांना हायसे वाटले. प्रत्येक तारा शेवटी शांतपणे निवत जाणार, त्याला सन्मानाचा मृत्यू लाभणार, असे चित्र तयार झाले.

हे चित्र मोडले ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेऊन निघालेल्या एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० सालच्या जुलैअखेर बोटीने इंग्लंडला निघाले. प्रवासात त्यांनी फाउलर यांच्या सिद्धांताला एक साधा प्रश्न विचारला. दाटीमुळे इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जाऊ लागला, तर आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणे दाबाचे गणित बदलणार नाही काय?

ते बदलते, आणि कसे बदलते हे साध्या आकड्यांत सांगता येते. तारा दाबला जाऊन त्याची घनता दुप्पट झाली असे समजा. द्रव्य केंद्राजवळ आल्यामुळे ओढही वाढते. भार पेलण्यासाठी आता पहिल्याच्या सुमारे अडीच पट दाब लागतो. इलेक्ट्रॉनांचा वेग बेताचा असेल तर त्यांचा दाब अशा वेळी तिपटीहून थोडा अधिक वाढतो. म्हणजे आधार भारापेक्षा वेगाने वाढतो आणि आकुंचन कोठेतरी थांबते. पण इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाजवळ पोचले की त्यांचा दाबही अडीच पटच वाढतो. भार आणि आधार एकाच पावलाने चालू लागतात. मग तारा कितीही आकुंचन पावला तरी तोल सुधारत नाही. जो पक्ष आरंभी भारी, तोच शेवटपर्यंत भारी. निकाल केवळ वस्तुमानावर ठरतो. चंद्रशेखर यांनी पुढे पूर्ण गणिताने ही मर्यादा निश्चित केली : सूर्याच्या सुमारे १.४ पट. त्याच सुमारास विल्हेल्म अँडरसन आणि एडमंड स्टोनर यांनीही अशा मर्यादेचा माग काढला होता. परंतु ताऱ्याच्या संपूर्ण रचनेत बसवून तिचा अर्थ निर्भयपणे सांगितला तो चंद्रशेखर यांनी. मर्यादेपेक्षा जड असा मृत तारा श्वेत बटू होऊन विसावू शकत नाही.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत चंद्रशेखर यांनी हे संशोधन मांडले. त्यांच्यामागून बोलायला उठले ते एडिंग्टन. अनेक महिने ते चंद्रशेखर यांच्या कामाची आस्थेने चौकशी करीत होते; सभेत मात्र त्यांनी त्या कामाची खिल्ली उडवली. हे गणित खरे मानले तर जड तारा आकुंचन पावतच राहील, इतका की त्याचा प्रकाशही बाहेर पडू शकणार नाही, हे एडिंग्टन यांना उत्तम कळले होते. त्यांना ते कळले आणि म्हणूनच त्यांनी ते नाकारले. असे विपरीत घडू न देणारा निसर्गनियम असलाच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. सभेत हशा पिकला. भौतिकशास्त्रातील मान्यवरांना खाजगीत चंद्रशेखर यांचे म्हणणे पटत होते, पण जाहीरपणे बोलण्यास कोणी पुढे आले नाही.

या प्रसंगाकडे केवळ अन्यायाची कथा म्हणून पाहणे पुरेसे नाही. एडिंग्टन यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञ चुकला तो बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. निसर्गाने आपल्या सौंदर्यदृष्टीला धरून वागावे, ही अपेक्षा त्याला सोडवली नाही म्हणून. चंद्रशेखर यांनी कटुता धरली नाही. त्यांनी १९३९ साली ताऱ्यांच्या रचनेवर ग्रंथ लिहून तो विषय बाजूला ठेवला आणि दुसऱ्या क्षेत्रात कामाला लागले. १९४४ साली एडिंग्टन निवर्तले तेव्हा चंद्रशेखर यांनी त्यांच्या गौरवाचे भाषण केले. चंद्रशेखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८३ साली. आणि त्याच वर्षी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांचा कृष्णविवरांच्या गणितावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या दारावरून तरुणपणी परतावे लागले होते, त्याच दारातून ते शेवटी आत गेले.

आता काक्षीकडे वळू. सूर्याच्या आठ-दहा पटींहून जड अशा ताऱ्यांची कथा निराळी असते. त्यांच्या गाभ्यात हायड्रोजन संपला की आकुंचनाने तपमान वाढते आणि हेलियम पेट घेतो. त्याची राख म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजन. पुढे कार्बन, निऑन, ऑक्सिजन आणि सिलिकॉन असे एकेक इंधन पेटत जाते. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थरात थर तयार होतात. सूर्याच्या पंचवीस पट ताऱ्यात हायड्रोजन सुमारे ७० लाख वर्षे पुरतो, हेलियम काही लाख वर्षे, कार्बन काही शतके, निऑन वर्षभर, ऑक्सिजन काही महिने. आणि सिलिकॉन सुमारे एक दिवस. ही घाई कशासाठी? कार्बन पेटल्यानंतर न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण गाभ्यातील ऊर्जा घेऊन थेट बाहेर निसटू लागतात. फुटक्या रांजणात पाणी भरावे तशी गाभ्याची स्थिती होते. तोल राखण्यासाठी इंधन अधिकाधिक वेगाने जाळावे लागते.

सिलिकॉनची राख म्हणजे लोह आणि त्याच्या जातीची मूलद्रव्ये. येथे वाट संपते. लोहगटातील अणुकेंद्रे सर्वांत घट्ट बांधलेली असतात. ती एकत्र करून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्ची पडते. त्यामुळे लोहाचा गाभा ही चूल नसते, नुसता साठा असतो. त्याला आधार असतो तो मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या दाटीचा, म्हणजे श्वेत बटूला असतो तोच. वरून राख पडत राहते, गाभा जड होत जातो आणि चंद्रशेखर मर्यादेच्या आसपास येऊन ठेपतो.

मग दोन घटना घडतात आणि दोन्ही आधार काढून घेणाऱ्या आहेत. ५०० कोटी अंशांहून अधिक तपमानाच्या त्या गाभ्यातील प्रखर किरण लोहाची अणुकेंद्रे फोडू लागतात. लक्षावधी वर्षांत जे बांधले ते क्षणात सुटते आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा गाभ्याच्या उष्णतेतून जाते. दुसरीकडे, दाटीने बेजार झालेले इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये शिरतात आणि न्यूट्रॉन तयार होतात. ज्या इलेक्ट्रॉनांनी भार उचलला होता तेच नाहीसे होऊ लागतात. काही हजार किलोमीटर व्यासाचा गाभा एका सेकंदाहूनही कमी वेळात कोसळतो. त्याच्या बाहेरच्या भागाचा वेग सेकंदाला सत्तर हजार किलोमीटरपर्यंत जातो. वरच्या थरांना याची वार्ताही नसते.

हे कोसळणे थांबते ते घनता अणुकेंद्राइतकी झाल्यावर, म्हणजे एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे २७ कोटी टन द्रव्य आल्यावर. आता न्यूट्रॉन एकमेकांना खेटतात आणि त्यांच्यातील बळ अतिनिकट अंतरावर ओढणारे न राहता ढकलणारे होते. गाभा एकाएकी ताठर बनतो. वरून येणारे द्रव्य त्यावर आपटून उसळते आणि धक्क्याची एक लाट बाहेर निघते. पण ती लाट शे-दीडशे किलोमीटरवरच खचते. वरून पडणाऱ्या लोहाची अणुकेंद्रे फोडण्यात तिची शक्ती संपते. तिला पुन्हा जीव देणारे कोण, हा प्रश्न अनेक वर्षे गाजला. नव्या गाभ्यातून झिरपणाऱ्या न्यूट्रिनोंपैकी अल्पसा अंश लाटेमागील द्रव्य तापवतो आणि त्या द्रव्याच्या खळबळीची त्याला जोड मिळते, हे आज सर्वांत पटणारे उत्तर आहे. लाट पुन्हा चालू लागली की तारा अतिदीप्त नवतारा बनून फुटतो. काही ताऱ्यांत ती चालूच होत नाही; त्यांच्या वाट्याला मूक अंत येतो.

हे सगळे कागदावरचे गणित होते, ते २३ फेब्रुवारी १९८७ पर्यंत. दक्षिण आकाशातील मोठ्या मॅगेलनी मेघात, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे अंतरावर, एक तारा फुटल्याचे दिसले. तो प्रकाश दिसण्यापूर्वी काही तास जपान, अमेरिका आणि रशियातील कॉकेशस येथील भूमिगत उपकरणांत न्यूट्रिनोंची नोंद झालेली होती. तिन्ही मिळून कण किती, तर सुमारे दोन डझन, तेही दहा-बारा सेकंदांत. पण त्या मूठभर कणांनी सांगितले की कोसळणाऱ्या गाभ्याची जवळजवळ सगळी ऊर्जा न्यूट्रिनो वाहून नेतात. आणि ती सूर्य आपल्या सबंध आयुष्यात देईल त्या ऊर्जेच्या शंभर पटींहून अधिक असते. डोळे दिपवणारा प्रकाश हा त्यापुढे अगदी किरकोळ हिस्सा. त्या ताऱ्याच्या अवशेषात न्यूट्रॉन तारा दडलेला असल्याची बळकट चिन्हे जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला मिळाली आणि ती २०२४ साली जाहीर झाली.

न्यूट्रॉन ताऱ्याची कल्पना वाल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ सालीच मांडली होती, न्यूट्रॉनच्या शोधानंतर अवघ्या दोन वर्षांनी. प्रत्यक्ष पुरावा १९६७ साली जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला मिळाला, तो १.३३ सेकंदांनी नेमाने येणाऱ्या रेडिओ स्पंदनांच्या रूपात. सूर्याहून अधिक वस्तुमान आणि व्यास मात्र वीस-पंचवीस किलोमीटर, एखाद्या मोठ्या शहराएवढा. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण अशाच स्पंदकांचा वेध घेते.

मग न्यूट्रॉनांचा आधार तरी अखेरचा आहे काय? येथे निसर्गाने सर्वांत विलक्षण गोष्ट राखून ठेवली आहे. न्यूटनच्या नियमात ओढ निर्माण करते ते केवळ वस्तुमान. आइन्स्टाइनच्या सिद्धांतात दाबसुद्धा ओढ निर्माण करतो. सूर्यात हा परिणाम नगण्य आहे. न्यूट्रॉन ताऱ्यात तो निर्णायक ठरतो. भार पेलण्यासाठी दाब वाढवावा, तर त्या दाबानेच भार वाढतो. कर्ज फेडण्यासाठी पुन्हा कर्ज काढणाऱ्या कुटुंबासारखी ही गत आहे. एका मर्यादेपुढे व्याजच मुद्दलाला गिळते. ओपेनहायमर आणि व्होल्कॉफ यांनी १९३९ साली ही मर्यादा प्रथम मांडली; आजच्या अंदाजाने ती सूर्याच्या दुपटीहून थोडी अधिक आहे. तिच्यापुढे कोणताही ज्ञात आधार उरत नाही. त्याच वर्षी ओपेनहायमर आणि स्नायडर यांनी अखंड कोसळण्याचे गणित केले, आणि त्याच्या वर्षभर आधी कोलकात्याच्या बी. दत्त यांनी त्याला जवळचे समीकरण सोडवले होते. १९५५ साली अमल कुमार रायचौधुरी यांनी दाखवलेल्या समीकरणाचा आधार घेऊन रॉजर पेनरोज यांनी १९६५ साली सिद्ध केले की असे कोसळणे अटळपणे अशा टोकाला जाते, जेथे आपले अवकाश-काळाचे गणितच अपुरे पडते. एडिंग्टन यांनी ज्याची खिल्ली उडवली ते कृष्णविवर हेच.

या परंपरेत मराठी नावेही आहेत. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर यांनी बनारसला सापेक्षतावादाच्या अध्ययनाची परंपरा रुजवली. तेथेच त्यांच्या सान्निध्यात प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ साली, प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वक्षेत्राचे समीकरण शोधले. विष्णुपंतांचे पुत्र जयंत नारळीकर यांचे गुरू फ्रेड हॉइल. ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्ये कशी घडतात हे सांगणारा १९५७ सालचा विख्यात निबंध ज्या चौघांचा, त्यांत हॉइल होते आणि विल्यम फाउलरही. १९८३ सालचे नोबेल चंद्रशेखर यांच्यासह ज्यांना विभागून मिळाले, ते हेच विल्यम फाउलर. आणि जयंतरावांनी हे सारे मराठीत लिहून आपल्या ग्रंथालयांच्या कपाटांत आणून ठेवले. २० मे २०२५ रोजी ते गेले.

आपल्या रक्तातील लोह ताऱ्यातून आले, असे नेहमी म्हटले जाते. ते खरे आहे, पण त्यात एक बारकावा आहे. जो लोहगाभा कोसळतो तो बाहेर येत नाही. तो न्यूट्रॉन ताऱ्यात किंवा विवरात कायमचा जातो. आपल्या वाट्याला येते ते स्फोटाच्या धगीत नव्याने घडलेले लोह, आणि त्याहूनही बरेचसे, फुटणाऱ्या श्वेत बटूंमधून आलेले. ज्याने भार वाहिला त्याचे द्रव्य आत राहिले. आपल्याला मिळाले ते त्याच्या कोसळण्यातून उठलेल्या लाटेचे देणे. आपण घेतो त्या श्वासातील ऑक्सिजन मात्र मुख्यत्वे अशाच जड ताऱ्यांच्या वरच्या थरांत शिजला.

काक्षी २०१९ च्या अखेरीस मंद झाला तेव्हा तो आता फुटणार, अशी हूल उठली होती. त्याने बाहेर टाकलेल्या धुळीने त्याचा प्रकाश झाकला होता, इतकेच. त्याचा गाभा अद्याप हेलियमवर चालला आहे असे मानले जाते; त्याच्या कोसळण्यास हजारो, कदाचित लाखभर वर्षे आहेत. पण कोसळून गेलेल्या गाभ्यांच्या टकरींचे पडसाद आपल्यापर्यंत पोचू लागले आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनाच्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेत प्रथम टिपल्या गेल्या. तशाच वेधशाळेच्या उभारणीला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आणि तिची जागा ठरली आहे मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ.

औंढ्याच्या परिसरातील एखादी शाळकरी मुलगी उद्या विचारील, की त्या लांबच लांब नळ्यांतून काय ऐकतात. तिला तिच्या भाषेत उत्तर मिळाले पाहिजे. गाभा, भार, दाब, बटू, विवर हे शब्द आपल्याजवळ आहेत. त्यांतील बहुतेक घरातले आहेत. ते वापरात राहावेत, त्यांना जोडून नवे शब्द घडावेत आणि अशा प्रश्नांची उत्तरे देणारी पुस्तके या कपाटांत येत राहावीत, एवढीच या शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयाकडून अपेक्षा. शंभर वर्षे वाचकांनी आणि कार्यकर्त्यांनी हा भार आनंदाने वाहिला. पुढील पिढीनेही तो उचलावा.